खुर्चीच्या डाव्या बाजूला

वसुधा : ...पण मी कशी सही करू, हर्षा? मी पाहिलेलंच नाही.

हर्षा : काय पाह्यलं नाई, बाई?

वसुधा : तुला काम करताना. शपथेवर लिहायचंय ना? ‘माझे दिवंगत पती डॉक्टर पोतदार यांच्या दातांच्या दवाखान्यात ही बाई खुर्चीशेजारी सहाय्यक म्हणून काम करीत होती, हे मी प्रत्यक्ष जाणते.’ तूच आत्ता वाचून दाखवलंस. मी प्रत्यक्ष काय जाणते? सकाळी तू खालचं शटर उघडायचीस, तो आवाज. संध्याकाळी बंद करायचीस, तो आवाज. मधलं काहीच मला ठाऊक नाही.

हर्षा : गावाले तं मालूम आहे जी. नागभीडात कोनालेही विचारा.

वसुधा : मग गावाकडूनच घे की लिहून.

हर्षा : गावाचं चालत नाई. डॉक्टर असते तं त्यायचा दाखला चालला असता. ते नाईत म्हनून घरच्या मानसाचं प्रतिज्ञापत्र लागते. तहसीलात जाऊन विचारून आली मी.

वसुधा : आणि नाही मिळालं तर?

हर्षा : तं मंग मी खुर्चीजवळ उभी नाई राहू शकत. कोनत्याच दवाखान्यात नाई. नवीन नियमच तसा निघाला. नोंदणी असन तरच पेशंटच्या तोंडाले हात लावाचा, तोंडातलं पानी ओढाची नळी धराची, दातात भराचं सिमेंट घोटाचं. नाई तं फक्त झाडू माराचा. नवीन पोरी कोर्स करूनच येतात, त्यायची चिंता नाई. आमच्यासारख्या हातानं शिकलेल्या बायायले एकच संधी देली आहे. अनुभवाचा दाखला, दहावी पास आनि नागपूरले परीक्षा. हा महिना सरला का तेही बंद.

वसुधा : सध्या काय करतेस?

हर्षा : बाजारातल्या साडीच्या दुकानात. बाया साड्या पाहून जातात, मी घड्या करते.

वसुधा : तेही काम वाईट नाही.

हर्षा : वाईट नाई जी. पन चंद्रपूरच्या करिश्मा मॅडमनं बोलावलं मले. त्यायचा दातांचा दवाखाना आहे. आपला एक पेशंट तिथी गेला होता, त्यानं माझं नाव सांगतलं. मॅडम म्हने, उद्या आली तरी चालते, पन नोंदणी घेऊन ये.

वसुधा : बस ना तू. उभी का आहेस?

हर्षा : ठीक आहे, जी.

वसुधा : बस म्हणते ना. त्या खुर्चीवर बस, खाली नको. वीस वर्षांत पहिल्यांदा वर आलीस.

हर्षा : बावीस.

वसुधा : बावीस वर्षांत कधी यावंसं वाटलं नाही?

हर्षा : कोनी बोलावलं नाई. मी तक्रार नाई करून राह्यली, बाई. तुमी इचारलं म्हनून सांगतलं.

वसुधा : चहा घेशील?

हर्षा : नको.

वसुधा : माझ्या हातचा नको, की चहाच नको?

हर्षा : चहाच नको जी. मले सहीचं सांगा. नाई म्हनाचं असन तं नाई म्हना. मी उठून जाते.

वसुधा : अमेयला विचारलं मी फोनवर. तो म्हणाला, आई, कुठल्याही कागदावर सही करू नकोस, ती बाई पुढे काहीतरी दावा लावेल. तिकडे ऑस्ट्रेलियात बसून त्याला सगळंच धोक्याचं वाटतं.

हर्षा : मी कायचा दावा लावन?

वसुधा : मला माहीत आहे. त्याच्या सांगण्यावरून मी अडलेली नाही. मी अडले आहे ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. सांगू?

हर्षा : सांगा.

वसुधा : तुझ्यासाठी माझा हात उठत नाही. साधं आहे. वर्ष झालं डॉक्टरांना जाऊन. त्या दिवशी तू त्यांना ऑटोत घातलंस, मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलीस, आणि मला कळलं कधी, तर तो वारलू ऑटोवाला परत येऊन दार वाजवायला लागला तेव्हा. मी वर होते, हर्षा. याच खोलीत. तुझ्या डोक्यावर. एक हाक मारली असतीस तर मी त्या ऑटोत असते.

हर्षा : सुचलं नाई, बाई.

वसुधा : हेच तू तेव्हा म्हणालीस.

हर्षा : घाईत होती. घाबरली होती.

वसुधा : खोटं.

हर्षा : काऊन खोटं बोलन मी?

वसुधा : ते मला माहीत नाही. पण तू घाबरणारी नाहीस. रुग्णाला चक्कर आली, कुणाचं रक्त थांबेना, तर डॉक्टर तुलाच हाक मारायचे, ते मला इथवर ऐकू यायचं. ‘सिस्टर!’ एकदाच. दुसऱ्यांदा मारावी लागत नसे. अशा बाईला नेमकी माझीच आठवण झाली नाही? की मुद्दामच? शेवटचा प्रवास तरी आपल्यासोबत व्हावा म्हणून?

हर्षा : असं नका बोलू जी.

वसुधा : मग कसं बोलू? वर्षभर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मनात हेच बोलत बसले आहे.

हर्षा : हाक मारली होती मी.

वसुधा : काय?

हर्षा : हाक मारली होती. पह्यले खालून. मंग जिन्यानं वर आली, दार ठोकलं. जिन्याचं दार आतून लावलेलं होतं. टीव्ही मोठ्यानं चालू होता तुमचा. मी ‘बाई, बाई’ करून ओरडली. दोनी हातानं दार ठोकलं. तिकडे डॉक्टर खुर्चीजवळ पडलेले. जे बाई खुर्चीत होती तिचा नवरा ओरडून राह्यला, ऑटो आला, ऑटो आला. मंग मी पळाली.

वसुधा : दार...

हर्षा : हाव.

वसुधा : मीच लावत होते ते. रोज, दवाखाना उघडला की.

हर्षा : पेशंट वर येत होते न. पानी मागाले.

वसुधा : एकदा एक माणूस चपलांसकट स्वयंपाकघरापर्यंत आला होता. तेव्हापासून.

हर्षा : तुमची काई चूक नाई त्याच्यात. उघडं असतं तरी ते वाचले नसते. तिथल्या डॉक्टरनं सांगतलं मले, काईच हातात नव्हतं म्हने.

वसुधा : वाचवण्याचं नाही म्हणत गं मी. असण्याचं म्हणतेय.

हर्षा : हाव जी.

वसुधा : वर्षभर का नाही सांगितलंस?

हर्षा : काय सांगू? तुमी माझ्यावर रागावल्या होत्या. म्हटलं, रागावू द्या. आपल्याच दारावर रागावन्यापेक्षा ते बरं. मी आजही नाई सांगनार होती. तुमी ते ऑटोचं बोलल्या म्हनून तोंडातून निंगालं.

वसुधा : थोडं पाणी दे. तिथे, माठात आहे.

हर्षा : मी घेऊ माठातलं?

वसुधा : घे ना. असं काय विचारतेस? ...हो. विचारणारच. घे, हर्षा. तूही पी.

हर्षा : घ्या.

वसुधा : ऑटोत काही बोलले का?

हर्षा : एकदा बोलले. गावाबाहेर निंगाल्यावर.

वसुधा : काय?

हर्षा : नका इचारू, जी.

वसुधा : मी वर्षभर स्वतःला समजावलं आहे की काही बोलले नसतील. बोलले असतील तर मला हवं आहे. माझं नाव घेतलं का?

हर्षा : नाई, बाई.

वसुधा : अमेयचं?

हर्षा : नाई.

वसुधा : मग तुझं?

हर्षा : माझं नाव त्यायनं कधीच नाई घेतलं. पह्यल्या दिवसापासून सिस्टरच म्हनत. माझं नाव मालूम होतं का नाई, कोन जाने.

वसुधा : मग काय म्हणाले?

हर्षा : म्हने, ‘त्या बाईच्या तोंडात कापूस राहिला. काढ.’ मी म्हटलं, काढला डॉक्टर. काढला नव्हता मी. तशीच ठेवून आली होती तिले. पन ते म्हने, ‘हं.’ मंग काई नाई बोलले.

वसुधा : कापूस.

हर्षा : हाव. दुसरं काईतरी सांगता आलं असतं मले. तुमाले बरं वाटलं असतं. पन मले जमलं नाई.

वसुधा : नको. बरं केलंस. ते असंच बोलले असणार. दुसरं काही सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता. ऊठ.

हर्षा : कुठी?

वसुधा : खाली. चावी तिथे खिळ्याला आहे. मला दाखव तू काय करायचीस ते. पाहिलं तर लिहीन.

(दोघी जिना उतरून खाली दवाखान्यात येतात. हर्षा खिडक्या उघडते, खुर्चीवरची चादर काढते.)

वसुधा : किती लहान आहे खोली. मला वरून मोठी वाटायची.

हर्षा : सांभाळून बाई, पायात वायर आहे. पुसून देते, थांबा. धूळ बसली सगळी.

वसुधा : राहू दे. मी बसू का याच्यात?

हर्षा : बसा न. पाय वर घ्या. टेका. मान मागं. मी खाली करते खुर्ची... घाबरू नका, थोडा आवाज करते.

वसुधा : अडतीस वर्षं दातांच्या डॉक्टरची बायको होते, आणि या खुर्चीत आज बसतेय.

हर्षा : म्हंजे डॉक्टरनं तुमचे दात कधी...

वसुधा : नाही. दाढ दुखली की नागपूरच्या मित्राकडे पाठवायचे. म्हणायचे, घरच्या माणसावर हात चालत नाही. मी एकटी गाडीनं जायचे, तोंड सुजवून एकटी परत यायचे. तुझे पाहिले होते त्यांनी?

हर्षा : एक अक्कलदाढ काढली होती.

वसुधा : बघ.

हर्षा : मी घरची नव्हती न जी.

वसुधा : तुझी जागा कुठली?

हर्षा : हे. तुमच्या डाव्या बाजूले. हे स्टूल माझं. डॉक्टरचं उजव्या बाजूले, ते चाकाचं.

वसुधा : मग बस. आणि रोज करायचीस तसं कर.

हर्षा : तोंडाले हात नाई लावू शकत मी आता.

वसुधा : इथे कोण बघायला आलंय?

हर्षा : तुमी पाहून राह्यल्या. तुमाले शपथेवर लिहाचं आहे.

वसुधा : ...बरं. हात न लावता कर.

हर्षा : पह्यले गळ्याले हा रुमाल. असा. मंग दिवा. लागते का पाहते... लागला. डोळ्यावर नाई येऊ द्याचा, ओठावर घ्याचा. मंग मी सांगे, डोळे मिटले तरी चालते. नाकानं श्वास घ्या. दुखलं तं बोलू नका, डावा हात वर करा, मी इथीच आहे.

वसुधा : हे डॉक्टरांनी शिकवलेलं?

हर्षा : नाई. त्यायनं अवजारं शिकवली. हे मी आपलंच म्हनत होती. जंगलातून येत लोक, कधी खुर्ची पाह्यलेली नाई. एक मंगली नावाची बाई आली होती तळोधीकडून, म्हातारी. खुर्ची मागं झाली तशी रडाले लागली. तिले वाटलं, आपल्याले झोपवून मारतात. डॉक्टर तिकडे तोंड करून उभे राह्यले. त्यायले रडनारं मानूस समजत नसे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आनि तसाच राहू देला, दात निंगेपर्यंत.

वसुधा : खांद्याला चालतं का, तुझ्या नियमात?

हर्षा : खांद्याले चालत असन.

वसुधा : मग ठेव.

हर्षा : ...असा.

वसुधा : हं.

हर्षा : जड वाटला का?

वसुधा : नाही. काढू नकोस एवढ्यात. अमेय गेला परत, त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. दुकानदार सुटे पैसेसुद्धा काउंटरवर ठेवतो.

हर्षा : हाव. होते तसं.

वसुधा : तुझंही?

हर्षा : माय गेली करोनात. भाऊ बायकापोरं घेऊन हैदराबादकडे कामाले. खोलीवर मी एकटीच. पन दवाखाना होता तवर मले तसं नाई वाटलं. दिवसभर लोकायच्या तोंडाजवळ तोंड. संध्याकाळी एकटं बसलं तं आरामच वाटे. आता साडीच्या दुकानात बाया येतात, जातात. त्या साडीकडे पाहतात, माझ्याकडे नाई.

वसुधा : लग्न का केलं नाहीस? विचारायला नको होतं, पण विचारते.

हर्षा : पाहाले आले होते दोघंतिघं. कामाचं इचारलं का मी खरं सांगे. एका पोराची माय म्हने, ‘दिवसभर दुसऱ्याच्या थुंकीत हात, आनि त्याच हातानं आमाले भाकर देनार?’ माझी माय म्हने, सोडून दे काम. मी नाई सोडलं.

वसुधा : डॉक्टरांसाठी?

हर्षा : कामासाठी, बाई. तुमाले पटन का नाई मालूम नाई. मले हे काम येत होतं, म्हनून नाई सोडलं. दुसरं काई नव्हतं.

वसुधा : पटलं. हर्षा, एक सांग. काय बोलायचात तुम्ही दिवसभर?

हर्षा : कोन?

वसुधा : तू आणि डॉक्टर. बावीस वर्षं. इतक्याशा खोलीत.

हर्षा : ‘आरसा.’

वसुधा : म्हणजे?

हर्षा : तेच बोलत. ‘आरसा.’ ‘कापूस.’ ‘धर.’ ‘झालं.’ पेशंट गेला का, ‘पुढचा.’

वसुधा : आणि मधल्या वेळात? कुणी नसताना?

हर्षा : पेपर वाचत. मी अवजारं उकळाले ठेवी.

वसुधा : हसत नसत कधी?

हर्षा : एकदा हसले होते. एका पेशंटची कवळी बकरीनं चावली होती.

वसुधा : हे मला सांगितलं नाही त्यांनी.

हर्षा : मले बी नाई सांगतलं काई. तो पेशंट सांगून राह्यला होता, म्हनून समजलं.

वसुधा : मला वाटायचं, खाली बोलून बोलून दमत असतील. म्हणून वर येऊन गप्प जेवतात. मी ताट वाढायचे, ते जेवायचे. आमटी कशी झाली विचारलं तर ‘हं.’ मग मी विचारणं सोडलं. पण मनात यायचं, सगळे शब्द त्या बाईवर खर्च करून येतात. मला उरतच नाही काही.

हर्षा : आनि मले वाटे, घरी जाऊन बोलत असतील. इथी कामाच्या जागी नसन बोलत साहेब मानूस. वर बाई आहे शिकलेली, तिच्याशी बोलत असतील मस्त. ...बाई? रडून राह्यल्या का?

वसुधा : नाही गं. हसतेय. दिवा डोळ्यावर येतोय, तो जरा बाजूला घे.

हर्षा : हे घ्या. बंद करते.

वसुधा : वाईट नव्हता माणूस.

हर्षा : नाई जी. वाईट नव्हते. मले टायफाइड झाला तवा गोळ्या पाठवल्या होत्या खोलीवर.

वसुधा : कुणाबरोबर?

हर्षा : वारलूसोबत. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ.

वसुधा : एवढंच?

हर्षा : एवढंच.

वसुधा : सोमवारी किती वाजता उघडतं तहसील?

* * *

अर्जनवीस : आधार कार्ड पाहू दोघींचं. हां. डॉक्टरीनबाई, तुमी काऊन आल्या एवढ्या उन्हाच्या? निरोप धाडला असता तं मी कागद घरी घेऊन आलो असतो न.

वसुधा : शपथ इथेच घ्यायची असते ना? मग इथेच येणार.

अर्जनवीस : ते बी बरोबर. चला, लिहून घेतो. ‘मी, श्रीमती वसुधा पोतदार, राहनार नागभीड, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की...’ यायचं नाव?

हर्षा : हर्षा खोब्रागडे.

अर्जनवीस : ‘...सदर अर्जदार ही माझे दिवंगत पतीचे दवाखान्यात सफाई व इतर काम...’

वसुधा : थांबा. सफाई नाही.

अर्जनवीस : साधारन असंच लिहितो आमी, बाई. सगळ्यायचं असंच.

वसुधा : ‘खुर्चीच्या डाव्या बाजूस बसून, रुग्णावर उपचार चालू असताना सहाय्य’ असं लिहा. मी स्वतः बघितलं आहे ती कुठे बसते.

अर्जनवीस : लिहितो जी. डावी-उजवी कोन पाहते, पन लिहितो. नातं काय तुमचं अर्जदाराशी?

वसुधा : नातं?

अर्जनवीस : रकाना आहे न बाई. भरावा लागते. नातेवाईक का परिचित?

हर्षा : परिचित लिहा, भाऊ.

अर्जनवीस : परिचित. किती वर्षापासून ओळखता तुमी यायले?

वसुधा : बावीस वर्षं लिहा.

हर्षा : बाई, तुमी तं...

वसुधा : लिहू दे त्यांना. तेवढं एक खोटं चालेल मला. द्या इकडे पेन. कुठे सही करायची?

* * *

वसुधा : हॅलो? कोण?

हर्षा : मी हर्षा, बाई. नंबर बदलला माझा.

वसुधा : अगं! मी रोज म्हणत होते, हिचं काय झालं. परीक्षा होऊन दीड महिना झाला असेल. चंद्रपूरहून बोलतेस?

हर्षा : हाव. नोंदणी झाली माझी. आठवडा झाला सर्टिफिकेट येऊन. करिश्मा मॅडमनं फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यायच्या सर्टिफिकेटच्या बाजूले.

वसुधा : झाली! कशी गेली होती परीक्षा?

हर्षा : लेखी कशीबशी गेली. हातानं करून दाखवाचं होतं तवा बरं वाटलं. माझ्या मागं नवीन पोरी होत्या, मले पोरगी असती तं तिच्या वयाच्या. मले म्हनत, मावशी, तुमी इथी काऊन? म्हटलं, तुमी जिथी आल्या तिथीच.

वसुधा : छान सांगितलंस. आणि तिथे कसं आहे? मॅडम बऱ्या आहेत का?

हर्षा : लय चांगल्या आहेत. दिवसभर बोलतात. पेशंटशी, माझ्याशी, फोनवर. मले हर्षाताई म्हनतात. पह्यल्या दिवशी मी वळूनच नाई पाह्यलं, मले वाटलं दुसऱ्याच कोनाले बोलावून राह्यल्या.

वसुधा : मग करमतं तर.

हर्षा : दवाखान्यात करमते. संध्याकाळी खोलीवर आली का नाई करमत. नवीन शहर आहे. शेजारचे लोक कोळसा खदानीतले, पाळ्या बदलतात, दार कायमचं बंद. नागभीडात एकटी होती तरी रस्त्यानं चार जन विचारत, जेवली का म्हनून. इथी कोनी नाई विचारत. तुमचं कसं आहे, बाई?

वसुधा : माझं काय. खालचा दवाखाना दिला भाड्यानं. ब्रह्मपुरीचा एक मुलगा आहे, डोळ्यांचा डॉक्टर. चांगला वाटला. अमेय म्हणतो, घर विक आणि इकडे ये. मी म्हटलं, बघू.

हर्षा : जानार तुमी?

वसुधा : तिकडे जाऊन त्यांच्या एका खोलीत बसायचं. इथे निदान पाच खोल्यांत बसते.

हर्षा : बाई, जेवल्या का तुमी?

वसुधा : आत्ता कुठे, सातच तर वाजताहेत. आणि एकटीसाठी काय करायचं रोज. दुपारची पोळी आहे, दूध आहे.

हर्षा : दूधपोळी खाऊन राहता तुमी?

वसुधा : तू काय करणार आहेस?

हर्षा : खरं सांगू? मुर्रे खानार होती, शेंगदाने टाकून. भात लावाचा कंटाळा येते एकटीसाठी.

वसुधा : दिवसभर उभी असतेस आणि मुरमुरे खातेस? लाव भात.

हर्षा : तुमी लावता का?

वसुधा : मी?

हर्षा : हाव. तुमी बी लावा. मी बी लावते. दाळ-तांदूळ एकाच कुकरात. फोन राहू द्या चालू.

वसुधा : उगाच पैसे जातील तुझे.

हर्षा : नाई जात. महिन्याचं भरलं आहे. तुमी उठा, बाई.

वसुधा : ...उठले. थांब, फोन ओट्यावर ठेवते. ऐकू येतंय का?

हर्षा : हाव. तांदूळ धुवून राह्यल्या तुमी. ऐकू येते.

वसुधा : हळद किती घालतेस तू?

हर्षा : चिमूटभर. लसून बी घाला दोन पाकळ्या, तशाच, न कापता.

वसुधा : माझ्या घरात डाळीत लसूण नसतो.

हर्षा : नका घालू मंग.

वसुधा : ...घालते. आहे एक गड्डी. झाकण लावलं बघ.

हर्षा : मी बी लावलं.

वसुधा : आता?

हर्षा : आता काई नाई. शिटी होयेपर्यंत बसाचं.

वसुधा : बसले आहे. ...हर्षा?

हर्षा : जी?

वसुधा : आहेस ना?

हर्षा : आहे न बाई. तुमची झाली का?

वसुधा : नाही अजून. होईल.